४८ हजारांची दुरुस्ती की पाच लाखांचे कर्ज?

प्रश्न : आमची वॅगन-आर पेट्रोल, एप्रिल २०१२ ची, ९२,००० किमी झालेली. तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारूनही सुरू होत नाही, ट्रॅफिकमध्ये तापते आणि चढावर ओढत नाही. गॅरेजने ४८,००० रुपये सांगितले आहेत : बॅटरी ४,५००, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) ११,०००, रेडिएटर ५,५००, हेड गॅस्केटचे (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचे) काम १८,०००, क्लच ९,०००. आहे तशी एक्स्चेंजला दिली तर १.१० लाख मिळतात. नवी गाडी ६.१० लाखांना पडेल. उरलेल्या पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. महिन्याला १४,००० उरतात, त्यातच ५,००० ची एसआयपी बसवली आहे. एफडी १.८० लाखांची. गाडी वर्षाला फार तर सहा हजार किमी चालते.

उत्तर : नवी गाडी आत्ता घेऊ नका. पण गॅरेजच्या कागदावर लगेच हो सुद्धा म्हणू नका.

आधी कर्जाचे बघू. पाच लाखांवर हप्ता १०,३७९ रुपये. म्हणजे हातात ३,६०० उरतात आणि एसआयपी बंद पडते. पहिल्या वर्षी नुसते व्याजच सुमारे ४१,६०० जाते. विम्याच्या तक्त्यात वर्षाच्या आतल्या गाडीचा घसारा १५ टक्क्यांपर्यंत धरतात. तो गाडीच्या एक्स-शोरूम किमतीवर लावा, आणखी सत्तर-पंचाहत्तर हजार गेले. वर्षाला सहा हजार किमीसाठी एवढे मोजायचे का? एफडी तर डाउन पेमेंटला अजिबात मोडू नका, ती दवाखान्याची आणि नोकरी सुटली तर लागणारी सोय आहे.

आता ते ४८,०००. तुमच्या तक्रारी वाचून मला त्यातले निम्मे तरी अंदाजाने लिहिलेले वाटते. गॅरेज बदलून चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि हजार-दीड हजार तपासणीला द्या. या सगळ्या व्यवहारात सर्वात जास्त परतावा याच पैशावर आहे.

मल्टीमीटर लावून बघायचे ते असे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि एसी चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास मिळाले तर अल्टरनेटर ठीक आहे, ११,००० वाचले. १३ च्या खाली असेल तर आधी बेल्टचा ताण, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर आणि अर्थिंगची (बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-बॉडीला जाणारी) केबल बघायची. सेल्फ मारताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवले तर अर्थिंग खराब, आणि ती केबल काहीशे रुपयांची असते. अल्टरनेटरच गेला असला तरी बहुतेकदा ब्रश, रेग्युलेटर किंवा बेअरिंग बदलून भागते. नवाच घ्यायला पाहिजे असे नाही.

तीन दिवसांत बॅटरी बसते यामागे मला जास्त संशय विजेच्या गळतीचा आहे, म्हणजे गाडी बंद असतानाही काहीतरी वीज खाते. मायनस केबल काढून मीटर मालिकेत, म्हणजे केबल आणि मायनस खांबाच्या मध्ये, १० अँपिअरवर लावायचा, दारे बंद करून अर्धा तास थांबायचे. ५० मिलीअँपिअरच्या आत हवे. ३०० असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात; ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फला कमी पडायला त्याच्या निम्मे दिवस पुरतात. मग एकेक फ्यूज काढत आकडा कुठे पडतो ते बघायचे. बाहेरून बसवलेला स्टीरिओ, सेंट्रल लॉकिंग आणि जीपीएस हे नेहमीचे संशयित. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ही गळती न शोधता नवी बॅटरी घातलीत तर तीही महिनाभरात तशीच रडेल.

तापण्याबद्दल : ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि हायवेवर उतरत असेल तर रेडिएटरपेक्षा पंख्यावर संशय घ्यावा. एसी लावल्यावर पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन तपासणी. व्होल्टेजच कमी असेल तर पंखा सुस्त फिरतो. म्हणजे कागदावरची दोन कामे एकाच बिघाडाची असू शकतात. हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा वेगळ्या : गळती दिसत नसताना कूलंट कमी होणे, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय. तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या; आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असतील आणि वरच्या खुणा नसतील तर १८,००० चे काम सध्या काढायचे नाही. गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका.

क्लचला मी हरकत घेणार नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे होत असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच लागते.

तेव्हा मर्यादा अशी ठेवा. क्लच धरून २५,००० च्या आत काम होत असेल तर दुरुस्ती करा, तीही एसआयपी वजा जाता उरणाऱ्या तीन महिन्यांच्या शिल्लकेतून. हेड गॅस्केट सिद्ध झाले तर थांबा. तापून वाकलेल्या हेडचा खर्च उघडल्यावरच कळतो, आणि खालून पत्राही गंजलेला असेल तर गाडी आहे तशी विकून चार-पाच वर्षे जुनी, तीन लाखांच्या आतली गाडी बघा.

आणखी एक तारीख : तुमच्या आरसीची १५ वर्षे एप्रिल २०२७ मध्ये संपतात. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते, फॉर्म २५ भरून, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि आरटीओत गाडीची तपासणीही होते. दुरुस्ती झाल्यावर महिन्याला ४,००० चे आवर्ती ठेव खाते उघडा. एसआयपी चालू ठेवूनही ते बसते. नूतनीकरण, टायर आणि पुढची बॅटरी त्यातूनच निघू दे.