गल्ल्यावर बसताना

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

दुकान चालतंय, पण रात्री शटर ओढताना डोकं उठलेलं असतं, असं तू कळवलंस. किराणा मालाच्या धंद्यात ते व्हायचंच. पण त्यातली निम्मी कटकट गिऱ्हाईक आणत नाही. जे आधी ठरवून लिहून ठेवायचं, ते आपण गल्ल्यावर, समोर चार माणसं खोळंबलेली असताना ठरवायला जातो.

उधारीचंच बघ. ‘उधारी बंद कर’ म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतील. वस्तीतल्या दुकानाला ते झेपत नाही. उधारी दे, पण प्रत्येक घराची मर्यादा आधी ठरव आणि ती त्या घराला सांगून टाक. पगारदाराचा हिशेब महिन्याच्या १० तारखेपर्यंत, रोजंदारीवाल्याचा आठवड्याचा. नोंद दोन ठिकाणी हवी: तुझ्या वहीत आणि गिऱ्हाइकाच्या डायरीत, त्याच्या डोळ्यांदेखत. ‘किरकोळ ८० रुपये’ असं कधी लिहू नकोस. साखर १ किलो, साबण १, असं सुटं लिही. रकमेवरून फारसं कुणी भांडत नाही, ‘हे आम्ही नेलंच नाही’ यावरून भांडतात. आणि ‘पप्पांनी लिहून ठेवायला सांगितलंय’ म्हणत पोर चॉकलेट न्यायला आलं, तर वस्तू देण्याआधी घरी फोन लाव.

आता काटा. साखरेचं पोतं ५० किलोचं. किलोमागे २ रुपये सुटत असतील तर पोत्यामागे १०० रुपये. किलो-किलोच्या पुड्या बांधताना प्रत्येकीत १० ग्रॅम जास्त गेली, की पोत्यात अर्धा किलो गेलं. भाव ४४ धरला तर २२ रुपये, म्हणजे नफ्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त, आणि हे कुणाला दिसतही नाही. गिऱ्हाइकाला १० ग्रॅम कमी गेली तर मात्र ते लगेच गावभर होतं. काटा सपाट जागी ठेव, पंख्याच्या थेट वाऱ्यात नको. आधी रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्यावर आण, मग माल घाल. जिरं, वेलची यांना वेगळा छोटा काटा घे. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लाव.

स्कीमच्या मोहात पडू नकोस. ‘१२ वर १ फुकट’ ऐकायला गोड लागतं. पण महिन्याला ३ नग खपत असतील तर १३ नग चार महिन्यांहून जास्त फळी अडवतात. ९२ रुपयांना घेतलेलं, १०० ला विकायचं एक पाकीट मुदत उलटून पडलं, तर ते भरून काढायला तसली आणखी १२ विकावी लागतात. मुदत संपलेला माल परत घेणार का, किती दिवस आधी कळवायचं, हे सेल्समनकडून बिलावरच लिहून घे, सहीनिशी. तो बदलून गेला की नवा हमखास म्हणतो, ‘मला काही माहीत नाही.’ नवा माल लावताना जुना पुढे ओढ, नवा मागे. घाईच्या दिवशी नेमकं उलटं होतं.

पावसाळ्यात रव्याला जाळी धरते, कडधान्याला भुंगा लागतो. त्याला नुसती ओल कारण नसते. डब्याच्या तळाशी उरलेल्या जुन्या मालावर नवा ओततात, आणि कोपऱ्यातली अळी त्यात चढते. डबा पूर्ण रिकामा कर, पुसून कोरडा कर, मगच भर. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अर्धा फूट लांब ठेव. हवा खेळते आणि उंदराची वाटही दिसते. चहा साबण-उदबत्तीच्या शेजारी ठेवू नकोस, वास धरतो.

ऑनलाइन पैशांत गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचं हिरवं चिन्ह म्हणजे पैसे आले असं नव्हे. बनावट स्क्रीनही दाखवतात. साउंडबॉक्स बोलला किंवा तुझ्या अ‍ॅपमध्ये जमा दिसली, तरच माल हातात दे. रक्कम अडकली तर १२ आकडी व्यवहार क्रमांक, वेळ आणि नाव वहीत टिपून घे, वाद घालू नकोस. रोज सकाळी स्वतःच क्यूआर स्कॅन करून आपलंच नाव येतंय ना बघ, कारण त्यावर दुसरं स्टिकर चिकटवून जाणारे महाभाग असतात.

सुट्या पैशांसाठी पानटपरी आणि देवळाच्या पुजाऱ्याशी ओळख ठेव. चिल्लरऐवजी चॉकलेट हातावर ठेवू नकोस, माणसं चिडतात आणि त्यांचं बरोबरच आहे. १० रुपयांची नाणी मात्र बिनघोर घे, सगळ्या नमुन्यांची चालतात.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा उधारीची वही आणि दोन महिन्यांत न हललेल्या मालाची यादी आण. ताईला नमस्कार.

तुझा मामा