पळणाऱ्यांचे प्रश्न: तुमचा पीबी झालाय, तुम्हाला कळलंच नाही

या वेळी पत्रं भरपूर आलीत, सगळी घेता येणार नाहीत, त्यामुळे ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका. आणि नेहमीचं एकदा सांगून टाकते, मी कोच नाही, डॉक्टर तर नाहीच. सदतिसाव्या वर्षी पळायला लागलेली, सात फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किमीच्या, पळलेली (त्यातल्या दोन बऱ्याचशा चाललेली) बाई आहे, बेस्ट टायमिंग ४ तास ११ मिनिटं. तेवढ्याच अधिकाराने बोलते.

प्रश्न : ताई, माझी हाफ मॅरेथॉन २ तास ५ मिनिटांची आहे. पहिल्या फुलसाठी ४:१५ ठरवलं होतं. सुरुवातीला एकदम हलकं वाटत होतं म्हणून किमीला ५:५० मिनिटांच्या पेसने गेलो, म्हटलं थोडा वेळ शिलकीत पडू दे, नंतर उपयोगी पडेल. ३१ किमीपर्यंत मस्त. मग पाय अक्षरशः दगड झाले, पोटऱ्यांत क्रॅम्प, उरलेलं बहुतेक चालत, ५:०२. आठवड्याला ३५ किमी होतात, सगळ्यात मोठा लाँग रन २६ चा. स्ट्रेंथ कमी पडली का? एक मित्र म्हणतो मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू कर.

उत्तर : आधी अभिनंदन. फुल पूर्ण केल्याचं तर आहेच, पण दुसरंही एक आहे जे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. ५:५० च्या पेसने २१.१ किमी म्हणजे २ तास ३ मिनिटं. तुमचा हाफचा पीबी, म्हणजे पर्सनल बेस्ट, आजवरचं सगळ्यात चांगलं टायमिंग, २:०५. म्हणजे भाऊ, तुम्ही मॅरेथॉनच्या पहिल्या अर्ध्यात हाफ मॅरेथॉनचा पीबी मारलात आणि तिथून पुढे अजून एक हाफ पळायला निघालात! यात मॅग्नेशियम काय करणार?

जरा आकडेमोड करू, मला आवडते. पीटर रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनीअरचा एक फॉर्म्युला आहे, अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट नाही होत, साधारण २.०८ पट होतो. तुमचे १२५ मिनिटं गुणिले तेवढं केलं की ४:२० येतात, म्हणजे ६:१० चा पेस. त्या पेसने पहिला अर्धा २:१० मध्ये झाला असता. तुम्ही तिथे ७ मिनिटं कमावलीत आणि दुसऱ्या अर्ध्यात, जो तुम्हाला २:५९ लागला, ४९ मिनिटं घालवलीत. शिलकीचा हिशोब हा असा आहे. पळण्यात वेळ शिल्लक टाकता येत नाही, फक्त उसना घेता येतो आणि व्याज सावकारी लागतं.

त्यातही खरं सांगू का, ४:२० सुद्धा तुमच्यासाठी जास्तच होतं. तो फॉर्म्युला लांबच्या अंतराची तयारी झालेली आहे असं धरून चालतो, आणि आठवड्याला ३५ किमीवाल्याला फुलमध्ये तो हमखास फसवतो, मला दोनदा फसवलंय. मी तुमच्या जागी असते तर ६:२५ ने निघाले असते, साडेचारच्या आसपास.

आता ३१ लाच का? शरीरात पळण्यासाठी दोन इंधनं असतात, चरबी आणि ग्लायकोजेन. चरबी बारीक माणसाकडेही खंडीभर असते पण ती सावकाश जळते. ग्लायकोजेन पटकन वापरता येतं पण स्नायू आणि लिव्हर मिळून साठा साधारण २००० कॅलरींचा. पळताना ढोबळमानाने दर किलो वजनाला दर किमीला एक कॅलरी लागते, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४२ किमीला २९०० च्या पुढे. कमी पडलेलं चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या जेलमधून (पाकिटातलं घट्ट, गोड खाणं) भरायचं. आणि गंमत अशी की पेस वाढवला की शरीर चरबी बाजूला ठेवून ग्लायकोजेनच जास्त ओढतं. तुम्ही सुरुवातीला हलकं हलकं म्हणत होता तेव्हा टाकी भराभर रिकामी होत होती. आणि हलकं वाटणारच ना, दोन-तीन आठवडे टेपर करून (म्हणजे पळणं कमी करून) पाय ताजे, आजूबाजूला हजारो लोक, ढोल, टाळ्या. पहिल्या १० किमीत कसं वाटतंय यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, तिथे घड्याळ बघून स्वतःला मागे ओढायचं. हलकं वाटतंय म्हणजे बरोबर चाललंय इतकंच, जोरात जा असं नाही.

माझ्या पहिल्या फुलची गोष्ट. ३४ व्या किमीला उजव्या बुटाची लेस सुटली. वाकले तर मांडीच्या मागच्या बाजूला असा गोळा आला की तशीच फुटपाथच्या कडेवर बसले, आणि बसल्यावर कळलं की लेसपर्यंत हातच पोचत नाहीये. पाच-सहा इंच राहिले होते फक्त. लेस दिसतेय, बोटं हलतायत, पण पोचत नाही. पाण्याच्या टेबलावरचा एक व्हॉलंटियर मुलगा, असेल बारा-तेरा वर्षांचा, काही न बोलता आला, गुडघ्यावर बसला, आधी उजवी बांधली, डबल गाठ मारली, मग न सांगता डावी पण सोडून परत बांधली. मला थँक्यू म्हणायला पण सुचलं नाही, मी रडत होते. ५:२४ लागले. घरी येऊन स्प्लिट्स (टप्प्याटप्प्याचं टायमिंग) बघितले तर पहिल्या १० किमीला माझ्या १० किमी रेसच्या टायमिंगपेक्षा दोनच मिनिटं जास्त लागली होती. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

पुढच्या वेळी काय करायचं : आठवड्याचे ३५ चे हळूहळू ५० करा, चार-पाच महिने द्या त्याला. २८ ते ३२ चे लाँग रन तीन-चार तरी झाले पाहिजेत, तेही आरामात, रेसच्या पेसने नाही, त्यातल्या एखाद्याचे शेवटचे ८-१० किमी फक्त रेसच्या पेसने बघा. शेवटचा मोठा लाँग रन रेसच्या तीन आठवडे आधी. जेल तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट होतील या हिशोबाने घ्या, एकात साधारण २०-२५ ग्रॅम असतं, आणि थकल्यावर नाही तर पहिल्या ४०-४५ मिनिटांपासून सुरू. रेसच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका, पोट तिथेच दगा देतं. लाँग रनला सवय करा. स्ट्रेंथ करा की, चांगलीच आहे, पण या ५:०२ चं कारण ती नाही.

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपमध्ये सगळे इझी रन पण ६ च्या पेसने पळतात, मला तेवढं टिकवताना धाप लागते, मी माझ्या ७:३० ने पळले की कायम शेवटी, एकटीच. लाज वाटते. असं हळू पळून फास्ट कसं होणार?

उत्तर : तुला धाप लागतेय म्हणजे तो तुझा इझी रन नाहीये, संपला विषय. तुझा इझी म्हणजे ज्या वेगाने तुला शेजारणीबद्दल अख्खी गोष्ट सांगता येते, मधे न थांबता. एकेक शब्द तोडून बोलावं लागलं की पेस जास्त झाला. एकटी असशील तर मोठ्याने बोलून बघ, लोक बघतात, बघू देत.

हळू पळताना पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींतली मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे भाग, वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, चरबी जाळायची सवय होते. हे सगळं व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ रोज फास्ट पळून पाय तग धरत नाहीत. हे माझं ज्ञान नाही ग, न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडिअर्ड हेच सांगायचे. त्यांचा पीटर स्नेल, ज्याची रेस होती फक्त ८०० मीटरची, त्यालाही ते आठवड्याला १०० मैल म्हणजे १६० किमी पळवायचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं गोल्ड घेतलं, आणि त्याच दिवशी लिडिअर्डांच्याच मरी हॅलबर्गने ५००० मीटरचं. दोन मिनिटंही न चालणाऱ्या रेससाठी इतके किमी!

आठवड्यात एखादा दिवस फास्ट पळ, इंटरव्हल (जोरात, मग आराम, परत जोरात) कर, टेम्पो (बराच वेळ सलग जोरात) कर, त्या दिवशी खुशाल धाप लागू दे. बाकीचे दिवस ७:३०, वाटलं तर ८. आणि तुझ्या ग्रुपमधले निम्मे तरी स्वतःच्या इझीपेक्षा जोरात पळत असणार यावर माझी पैज, फक्त कोणी कबूल करणार नाही. मी अशी चार वर्षं घालवलीत, रोज मध्यम जोरात, ना धड हळू ना धड फास्ट, आणि टायमिंग जिथल्या तिथे.

प्रश्न : माझ्या घड्याळात ४२.७ किमी दाखवलं. म्हणजे आयोजकांनी रूट चुकीचा मोजला ना? अर्धा किमी जास्त पळवलं आणि माझे चार तास हुकले, दीड मिनिटाने!

उत्तर : दीड मिनिटाचं दुःख मला समजतं, पण रूट बहुतेक बरोबर असणार. प्रमाणित रूट सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात, आणि मोजतात कसा तर शक्य तितक्या जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून फक्त ३० सेंमीवरून. वर पुन्हा हजारी एक मीटर जास्तीचा धरतात, रूट चुकूनही कमी भरू नये म्हणून, म्हणजे फुलला ४२ मीटर. (वरचा फॉर्म्युलावाला रीगल, तो रूट मोजण्याच्या कामात पण होता.) आपण मात्र वळणं बाहेरून घेतो, लोकांना ओव्हरटेक करायला नागमोडी पळतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, आणि घड्याळाचं जीपीएस उंच इमारतींत स्वतःच भटकतं. ४२.५ ते ४२.८ दिसणं अगदी नेहमीचं.

त्यामुळे चार तासांसाठी ५:४१ चा पेस पुरत नाही, घड्याळात ५:३७ दिसला पाहिजे. आणि ऑटो लॅपवर (घड्याळ आपोआप किमी मोजतं त्यावर) विसंबू नका, रस्त्यावरचा किमीचा बोर्ड आला की स्वतः बटण दाबा. हो, आणि चिप टाइम, म्हणजे तुम्ही स्टार्ट लाइन ओलांडल्यापासूनचा, बघितलात ना? गन टाइम, म्हणजे रेस सुरू झाल्यापासूनचा, बघून रडत असाल तर आधी डोळे पुसा, स्टार्ट लाइनपर्यंत पोचायलाच लोकांना पाच मिनिटं लागतात.

प्रश्न : सहा आठवड्यांपूर्वी पळायला सुरुवात केली, आता रोज ८ किमी. दम अजिबात लागत नाही पण दोन्ही नडग्या दुखतात. पळत राहू का? वय २४.

उत्तर : थांब. दम लागत नाही हीच गोची आहे. हृदय आणि फुप्फुसं आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायूबंध महिने घेतात, त्यामुळे इंजिन पळायला तयार आणि चासी कच्ची असं होतं.

बोटाने नडगीच्या आतल्या कडेवरून दाबत जा. वितभर लांब पट्टा दुखत असेल, सुरुवातीला दुखून गरम झाल्यावर कमी होत असेल, तर शिन स्प्लिंट्स (जास्त पळण्याने होणारी नडगीची दुखी) असायची शक्यता जास्त, दोन-तीन आठवडे पळणं बंद ठेव, सायकल किंवा पोहणं चालेल, मग दिवसाआड आणि निम्म्या अंतराने सुरू कर. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या भागात टोचल्यासारखं दुखत असेल, त्या पायावर एक उडी मारली की कळ जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर तो स्ट्रेस फ्रॅक्चर (हाडाला गेलेली बारीक चीर) असू शकतो, लगेच डॉक्टरकडे जा. पहिल्या एक्सरेत तो बरेचदा दिसतच नाही, त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला म्हणून लगेच पळायला लागू नकोस, डॉक्टरला तसं विचार. मी असं "थोडंसंच तर दुखतंय" म्हणत तीन आठवडे पळले होते आणि त्याची भरपाई म्हणून साडेतीन महिने खिडकीतून दुसऱ्यांना पळताना बघितलं.

प्रश्न : रेसमध्ये प्रत्येक टेबलावर पाणी प्यायचंच असं आमचे सर सांगतात. मला शेवटी मळमळतं, अंगठ्या घट्ट होतात. नॉर्मल आहे का?

उत्तर : नाही. पुढच्या रेसआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. बोटं सुजणं, मळमळ, डोकं दुखणं ही पाणी जास्त झाल्याची लक्षणं असू शकतात, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यात पळता पळता वजन वाढलेले लोक जास्त होते. पळून वजन वाढतं म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं ना. जास्त वेळ घेणाऱ्यांना धोका जास्त, कारण टेबलं तेवढीच पण प्यायला वेळ भरपूर. तहान लागेल तसं प्या. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून बघा, थोडं कमी भरलं तर चालतं, वाढलेलं नको.

प्रश्न : पायाची नखं काळी पडून गळतात. उपाय?

उत्तर : बूट अर्धा नंबर मोठा, नखं दोन दिवस आधी सरळ कापायची, आणि घोट्याजवळचं ते सगळ्यात वरचं जास्तीचं भोक असतं ना ज्यात कोणीच लेस ओवत नाही, त्यात ओवून टाच घट्ट करा म्हणजे उताराला पाय पुढे सरकत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख सध्या तिसऱ्यांदा येतंय. या वेळी जरा वाकडं आहे.