तो मेसेज पुसू नका

प्रश्न : माझे यजमान कंपनीच्या कामासाठी भाड्याने घेतलेल्या छोट्या विमानातून जात होते. सकाळी आठचं उड्डाण होतं. विमान कोसळलं, ते आणि वैमानिक, दोघंही गेले. निघताना त्यांनी मला व्हॉट्सॲप केलं होतं, ‘पायलट रात्री उशिरापर्यंत पीत बसला होता.’ आता चौदा महिने झाले. विमान कंपनी २० लाख देऊन कागदावर सही मागतेय. तिकीटच नव्हतं, आणि तपासाचा अहवाल येईपर्यंत कोर्टात जाता येत नाही, असं म्हणतात. दीर म्हणतात, मेसेज पुसून टाक, ‘माहीत असून बसले’ असं ठरेल. काय करू? (सातारा जिल्ह्यातील वाचक)

उत्तर : ताई, आधी मेसेजचं. पुसू नका. फोन विकू नका, दुरुस्तीला देऊ नका, नवा घेतलात तरी जुना कपाटात जपून ठेवा. उड्डाणाआधीचे १२ तास वैमानिकाने मद्य घ्यायचं नाही, असं १९३७ च्या विमान नियमांतला नियम २४ सांगतो. सकाळी आठचं उड्डाण आणि रात्री उशिरापर्यंत पिणं, यातच नियमभंग आला. ‘माहीत असून बसले’ हा बचाव विमान कंपनी घेईल, पण तो तिलाच सिद्ध करावा लागेल, आणि झाला तरी त्यांच्या चुकीचा जेवढा वाटा ठरेल, तेवढीच भरपाई कमी होते. वैमानिक उडवायच्या लायक आहे की नाही हे पाहणं कंपनीचं काम होतं, तुमच्या यजमानांचं नव्हतं.

आता २० लाख. देशांतर्गत हवाई प्रवासात मृत्यू झाला, तर ही रक्कम चूक कोणाची हे न बघता द्यावी लागते. ती तुमच्यावर मेहेरबानी नाही. त्यापुढची भरपाई टाळायची, तर आपली आणि आपल्या माणसांची काहीच हयगय नव्हती हे कंपनीने दाखवायचं असतं. वैमानिक तिचाच माणूस. ‘संपूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर सही केलीत, तर हा दरवाजा तुम्हीच बंद कराल. घरात पैशांची नड असेल, तर ‘आगाऊ रक्कम’ असं लिहून घेऊन पैसे घ्या. तिकीट नसल्याने काही बिघडत नाही. भाड्याचं बिल तुमच्या यजमानांच्या कंपनीकडे असेल, त्याची प्रत मिळवा.

मला खरी काळजी तारखेची वाटते. १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात दाव्याला दोन वर्षं आहेत, त्यानंतर हक्कच संपतो. मालवाहतुकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की, इथे मुदतीच्या सर्वसाधारण कायद्यातली सवलत लागू होत नाही. म्हणजे ‘बोलणी चालू होती’ हे सांगून वेळ वाढत नाही. विमान अपघात तपास ब्यूरोचा अहवाल पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नाही, आणि दाव्याला तो लागत नाही. तुमच्या हातात दहा महिने आहेत.

पोलिसांकडून पंचनामा, वैमानिकाच्या शवविच्छेदनाचा आणि व्हिसेराचा (शरीरातल्या अवयवांच्या नमुन्यांचा) अहवाल मागा. मृत्यूनंतरही शरीरात अल्कोहोल तयार होऊ शकतं, असं समोरचा वकील म्हणेलच. डोळ्यातल्या द्रवात ते सहसा तसं तयार होत नाही, तेव्हा नमुना रक्ताचा होता की डोळ्यातल्या द्रवाचा, हे बघावं लागेल. उड्डाणापूर्वीच्या श्वासचाचणीची नोंदही मागायची. शिवाय फक्त दारूवर विसंबू नका. २००१ मध्ये बहामात अमेरिकन गायिका आलियाचं विमान पडलं, तेव्हा वैमानिकाच्या शरीरात कोकेन आणि अल्कोहोल सापडलं. पण विमानात वजनही क्षमतेपेक्षा जास्त होतं. म्हणून तुमच्या विमानाचा वजनाचा तक्ता आणि देखभालीच्या नोंदीही हव्यात.

वैमानिक गेल्याने त्याच्यावर खटला चालणार नाही. तसं झालं म्हणून कंपनी सुटत नाही.

आणि एका प्रवाशाच्या मृत्यूबद्दल दावा एकच करता येतो, तो सगळ्या जवळच्यांसाठी. सासूबाईंचा आणि दिरांचाही त्यात हक्क आहे. मेसेज पुसायला सांगणाऱ्या दिरांना हे समजावून सांगा, आणि वकिलाकडे जाताना त्यांना बरोबर घेऊन जा.