कापूस वेचणाऱ्या हाताचा ईएमजी: मॉडेल कुठून सुरू करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: कापूस वेचणाऱ्या बायांच्या हाताचा थकवा त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून, म्हणजे ईएमजीने (स्नायूंतून निघणाऱ्या विजेच्या नोंदीने) मोजायचा आहे. सिग्नल मिळतोय, पण नुसता खरखराट दिसतो. त्याचं मॉडेल कसं करायचं, की सरळ मशीन लर्निंगला देऊन टाकायचं?

देऊन टाकाल, पण ते बहुधा थकवा शिकणार नाही. कोणाच्या हाताला चरबी किती आणि शेजारच्या विहिरीवरचा पंप कधी सुरू होता, हे शिकेल. मी या खड्ड्यात पडून आलोय, म्हणून लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मोठ्या आईच्या कोपराखाली मी पहिल्यांदा इलेक्ट्रोड लावले. "काऊन रे बाबू, करंट त नाही लागन न?" म्हणाली. तिचा हात मांडीवर निवांत पडलेला, आणि स्क्रीनवर स्नायू धाड धाड काम करतोय! तासभर डोकं खाजवलं. मग स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे त्याचा आलेख, तर 50 हर्ट्झवर, म्हणजे घरातल्या विजेच्या वारंवारतेवर, सुळका आणि 150 वर त्याचं पिल्लू. लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि रेघ आडवी झाली. तेव्हा सगळं बॅटरीवर चालवा. 50 हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता कापणारी चाळणी) मारायचा मोह मात्र आवरा, कारण ईएमजीचा बराच जोर 50 ते 150 हर्ट्झमध्येच असतो. वीज काढताना मालही जातो.

आता मॉडेल. खरखराटाकडे बघू नका, तो कुठून निघतो तिकडे बघा. पोळ्याच्या दिवशी मातीच्या भिंतीआड बसून बैलांच्या घुंगरमाळा ऐकल्यात ना? एका बैलाच्या पावलासरशी त्याची सगळी माळ एकदम वाजते. तसा एक मज्जातंतू आणि त्याच्या ताब्यातले स्नायूतंतू मिळून एक मोटर युनिट. बैल अनेक, प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून ऐकणाऱ्याला गलका. भिंत म्हणजे चरबी आणि त्वचा: बारीक छनछन ती खाते, जाड आवाज तेवढा सोडते.

बैलाची चाल आधी बसवा. यासाठी 1993 चं फ्युगलव्हँड, विंटर आणि पाटला यांचं मॉडेल अजून पुरतं. त्यात 120 युनिट आहेत. लहान युनिट आधी जागी होतात, मोठी जोर वाढेल तशी. प्रत्येक युनिट सेकंदाला 8 ठोक्यांनी सुरू होतं आणि ठोक्यांमधलं अंतर थोडं डळमळतं ठेवलेलं असतं.

मग एका तंतूवरची लाट. रोझेनफाल्कचं सूत्र घ्या: V(z) = 96z³e⁻ᶻ − 90, z म्हणजे तंतूवरचं अंतर मिलिमीटरमध्ये, उत्तर म्हणजे तिथला व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये. z = 3 ला ते साधारण +39 पर्यंत चढतं. याचं दुसरं अवकलन घेतलं की तंतूच्या पडद्यातून आरपार जाणारा प्रवाह मिळतो: अधिक, उणे, अधिक अशी तिकडी. तिची बेरीज शून्य, म्हणून दुरून पाहिलं तर ती स्वतःलाच खोडते. खोलवरचा स्नायू त्वचेवर इतका मिणमिणता दिसतो तो यामुळे. पण लाट कंडरेपाशी, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीपाशी, पोचून विझते, तेव्हा तिकडी मोडते आणि एक न सरकणारा धक्का उरतो. तो दूरवर पोचतो. शेजारच्या स्नायूची चोरटी भेसळ बरीचशी इथूनच येते, आणि बोटं वळवणारे स्नायू तर एकमेकांवर थर रचून बसलेत.

लाटेचा वेग सेकंदाला साधारण 4 मीटर. आपण मोजतो ती दोन इलेक्ट्रोडची वजाबाकी. ते 2 सेंटिमीटर अंतरावर असतील तर 4 भागिले 0.02, म्हणजे 200 हर्ट्झला स्पेक्ट्रममध्ये खड्डा पडतो. तो मोठ्या आईच्या हाताचा गुण नाही, तुमच्या इलेक्ट्रोडचा आहे. मला हे मॉडेल हाताने लिहिल्यावरच उमगलं, नाहीतर मी त्यावर अख्खा परिच्छेद खरडला असता.

थकव्याचं गणितही याच वेगात आहे. स्नायू थकला की वेग घटतो आणि स्पेक्ट्रम डावीकडे आकसतो. वेग दहा टक्के पडला तर मध्यक वारंवारताही (स्पेक्ट्रमचा जोर जिथे निम्मा-निम्मा वाटला जातो ती) जवळपास तेवढीच पडते. सिग्नलच्या उंचीवर मात्र विसंबू नका. एका युनिटचं अधिक दुसऱ्याच्या उण्यात जिरतं, त्यामुळे दुप्पट युनिट म्हणजे दुप्पट सिग्नल नव्हे. आणि एका बाईच्या सिग्नलची उंची दुसरीच्या सिग्नलशी ताडून पाहणं तर सोडूनच द्या.

प्रत्यक्ष वेचताना घेतलेलं रेकॉर्डिंग यासाठी फारसं कामाचं नाही, कारण बोटं हलली की कातडीखाली स्नायू सरकतो. आम्ही वेचणीच्या आधी आणि दर तासाला, धुऱ्यावर बसून, स्प्रिंगचा काटा एकाच आकड्यावर दहा सेकंद धरायला लावायचो. घामाने इलेक्ट्रोड निघायचे, म्हणून दर वेळी स्पिरिटने पुसून नवे. पण जागा तीच हवी, आणि पेनाची खूण तर घामात पुसून जाते. शेवटी मोठ्या आईच्या हातावरचं गोंदण कामी आलं. खालच्या ठिपक्यापासून मनगटाकडे तीन बोटं, हीच जागा.

ज्यांच्या हाताला गोंदण नाही, त्यांच्या कोपराच्या हाडापासून टेपने मोजा. इलेक्ट्रोडची जोडी स्नायूच्या मध्यावर, जिथे मज्जातंतू शिरतो तिथे, पडू देऊ नका. तिथून लाट दोन्हीकडे पळते, दोन्ही इलेक्ट्रोडना जवळपास सारखीच दिसते, आणि वजाबाकीत हाती काही उरत नाही.