मालाच्या जहाजावर शत्रू चढायला आला तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा नेव्हीत शेफ आहे, सध्या तेल आणि रसद पुरवणाऱ्या टँकरवर पोस्टिंग आहे. मागच्या सुट्टीत बोलता बोलता म्हणाला की आम्हालापण रायफल देतात, आणि जहाजावर कोण चढायला लागलं तर काय करायचं याचा सराव रात्री-अपरात्री करून घेतात. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जाईना. स्वयंपाक करणाऱ्या पोराला लढाईत कशाला ओढायचं? आणि मालाच्या जहाजावर कोण कशाला चढेल?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो म्हणजे पहिल्याचं उत्तर त्यातच सापडेल. युद्धात शत्रूची नजर मालाच्या जहाजावर आधी जाते. १९७१ च्या डिसेंबरात आपल्या मिसाईल बोटी कराचीवर गेल्या हे सगळ्यांना माहितीय, निपात, निर्घात, वीर ही नावं पोरांनापण पाठ असतात, पण त्या बोटी छोट्या, त्यांचा पल्ला कमी, म्हणून त्या ताफ्याबरोबर पोषक नावाचा टँकर होता हे फार कमी जणांना माहीत असतं. आजचा आयएनएस दीपक घ्या, २०११ ला नौदलात आला, पूर्ण भरल्यावर २७ हजार टनांच्या वर, पोटात जहाजांचं तेल, हेलिकॉप्टरचं तेल, गोडं पाणी, दारूगोळा, धान्य, भाजी सगळं. असं जहाज बुडवलं तर शत्रूचा फायदा आहेच, पण धडधाकट हातात आलं तर तेलपण मिळतं, कोडची म्हणजे गुप्त संदेशांची मशिनं मिळतात, माणसं मिळतात आणि ताफा भर समुद्रात उपाशी राहतो.

बरं, चढायला सोपं का, तर भरलेला टँकर पाण्यात खोल बसतो, म्हणजे मधल्या डेकचा कठडा पाण्याला जवळ येतो. आणि तेल देताना तर तो पूर्ण बांधलेला असतो, दोन जहाजं शेजारी शेजारी साधारण ४०-५० मीटर अंतर ठेवून १२ ते १५ नॉटच्या (ताशी साधारण २२ ते २८ किलोमीटर) वेगानं तासन्‌तास सरळ चाललेली, मध्ये तारा आणि तेलाचे पाईप, कारखान्याला निघालेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जसा झटकन वळू शकत नाही तशी गत. म्हणून सगळं झटक्यात सोडून वेगळं व्हायचा सराव वेगळा असतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मोकळं झालेलं जहाज पळू शकतं, वळू शकतं, आपल्याच लाटेनं छोट्या बोटीला हेलकावे देऊ शकतं. १८ नॉट किंवा त्याहून जास्त वेगात असलेल्या जहाजावर सोमाली चाच्यांना चढता आल्याचं माहीत नाही, असं व्यापारी जहाजांसाठीच्या सूचनांतच लिहिलेलं आहे.

आता तयारी. मी स्वतः रसदीच्या जहाजावर नोकरी केलीय म्हणून आतलं सांगतो, पण जेवढं उघड सांगता येतं तेवढंच. पहिलं काम एकदम साधं, बाहेर लोंबणारं काहीही ठेवायचं नाही, शिडी, दोर, जाळी सगळं आत. कठड्याला काटेरी तारेची वेटोळी. फायर होज प्रेशरला लावून बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधायचे, वर चढणाऱ्याच्या तोंडावर तो पाण्याचा मारा बसला की हात सुटतो. मागं हेलिकॉप्टरची डेक असते, तिथं आपलं हेलिकॉप्टर येणार नसेल तेव्हा ड्रम, तारा असलं काहीतरी मांडून ठेवायचं म्हणजे परक्याला उतरता येणार नाही, पण आपलं येणार असेल तर तेच सगळं मिनिटांत हलवता आलं पाहिजे. टेहळणी दुप्पट, कारण रबराची बोट उसळत्या समुद्रात रडारवर नीट दिसत नाही, लाटांच्या ठिपक्यांत हरवते, तिथं माणसाचे डोळेच लागतात, आणि खास करून जहाजाच्या बुडाकडं, म्हणजे मागं, जिथं ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून, धड दिसत नाही.

तरी कोणी चढलाच तर? इथं तुमच्या मुलाचा संबंध येतो. जहाज ताब्यात घ्यायचं म्हणजे खरं तर तीन जागा ताब्यात घ्यायच्या असतात, ब्रिज, इंजिन कंट्रोल रूम आणि अगदी मागची स्टिअरिंग गिअरची खोली. ब्रिज गेला तरी इंजिन खालून बंद करता येतं आणि सुकाणू मागच्या खोलीतून फिरवता येतं, म्हणजे वर चढून बसलेल्याला जहाज हवं तिकडं नेताच येत नाही. म्हणून वरच्या डेकचे सगळे दरवाजे आतून पक्के करायचे, आत यायची वाट एखादीच ठेवायची आणि तिथं आपली माणसं, प्रत्येक वळणावर कोण, दारूगोळा कोण आणून देणार, जखमीला कोण उचलणार हे सगळं आधी नावानिशी ठरलेलं. आणि हे करणार कोण? टँकरवर दोनअडीचशे माणसं, त्यातली तोफा-बंदुकांच्या ब्रँचची मोजकीच, ती पण मोठ्या मशीनगनवर नाहीतर टेहळणीला अडकलेली. उरलं कोण तर शेफ, स्टुअर्ड (जेवण वाढणारे), स्टोअरवाले, क्लार्क, मेडिकलवाले. जगातल्या बहुतेक नौदलांत स्वयंपाकघरातली माणसं लढाईच्या वेळी दारूगोळा पोचवणं, आग विझवणं आणि प्रथमोपचार ह्याच कामांना लावलेली असतात, कारण जहाजाचा कानाकोपरा त्यांना तोंडपाठ असतो, कुठल्या स्टोअरचं दार कुठं उघडतं, अंधारात गॅलीपासून (जहाजाचं स्वयंपाकघर) मेसपर्यंत किती पायऱ्या, हे त्यांच्या पायाला माहीत असतं.

रायफलचं म्हणाल तर तुमच्या मुलाला गोळी कुठं झाडायची यापेक्षा कुठं झाडायची नाही हे जास्त शिकवलं असणार. लोखंडी बोळात गोळी आपटून परत फिरते, आपल्याच माणसाला लागते. आणि तेलाच्या टाक्यांच्या डेकवर, जिथं टाक्यांमधली वाफ बाहेर सोडणारे पाईप असतात, तिथं ठिणगी म्हणजे सगळ्यांचाच जीव. अंधारात आपला कोण परका कोण हे ओळखायला ठरलेला शब्द असतो, खूण असते. हे सगळं दिवसा एकदा दाखवून भागत नाही म्हणून रात्री उठवून करून घेतात, आणि त्या झोपमोडीबद्दल मुलगा कुरकुरला तर कुरकुरू दे, पण तुम्ही मनापासून मानून घ्या की ज्या कॅप्टनच्या हाताखाली असला सराव नेमानं होतो तिथं तुमचं पोर जास्त सुखरूप आहे. मला काळजी वाटते ती जिथं शेफला गॅलीबाहेर काही शिकवलेलंच नाही अशा जहाजाची.


प्रश्न : सर, आता मिसाईल आणि ड्रोनचा जमाना आहे, समोरासमोर जहाजावर चढणं वगैरे जुन्या काळचं नाही का?
— अकरावीतला विद्यार्थी, पलूस

उत्तर : नाही रे. १९ नोव्हेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर जहाज पकडलं ते हेलिकॉप्टरनं वर उतरूनच. १३ एप्रिल २०२४ ला होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ एमएससी एरीज जहाजावर इराणी कमांडो तसेच उतरले, त्यावर २५ जणांत १७ आपले भारतीय होते. आणि नौदलाच्या रसदीच्या जहाजाचं म्हणशील तर २९ मार्च २००९ ला एडनच्या आखातात जर्मन नौदलाच्या श्पेसार्ट टँकरवर चाच्यांनी हल्ला केला, त्यांना वाटलं साधं व्यापारी जहाज आहे. त्यावर नाविक बहुतेक सिव्हिलियन, पण १२ जणांची सुरक्षा टीम होती, त्यांनी उलट गोळीबार केला आणि शेवटी सात चाचे पकडले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात रात्रीच्या अंधारात फ्रेंच नौदलाच्या सोम ह्या रसदीच्या जहाजावर तसंच झालं, पाच जण सापडले. चाचे फसले कारण लांबून मालाचं जहाज मालाचंच दिसतं. युद्धात येणारा शत्रू फसून येणार नाही, तो नकाशा घेऊन, ट्रेनिंग घेऊन येईल, एवढाच फरक.

तुला अजून एक सांगतो, ते वाचून ठेव. १६ फेब्रुवारी १९४०, नॉर्वेतली योसिंगफ्योर्ड नावाची खाडी, बर्फ, रात्र. जर्मन ग्राफ श्पे ह्या युद्धनौकेला तेल-रसद पुरवणारं आल्टमार्क तिथं दडलेलं होतं आणि त्याच्या पोटात बुडवलेल्या ब्रिटिश जहाजांवरचे २९९ खलाशी कैदी होते. ब्रिटिश विनाशिका कोसॅक सरळ शेजारी जाऊन भिडली, माणसांनी उड्या मारल्या, हातघाईची चकमक झाली, काही जर्मन मेले आणि कैदी सुटले. अरुंद खाडी, पुढं बर्फ, पळायला जागा नाही, म्हणजे रसदीच्या जहाजाची सगळ्यात मोठी ताकद जी मोकळा समुद्र तीच तिथं उरली नव्हती. म्हणून बंदरात आणि नांगर टाकलेला असताना पहारा सगळ्यात कडक लागतो, पाण्याखालून पोहत येणाऱ्यांसाठी तर वेगळाच, अधूनमधून पाण्यात छोटे स्फोट करतात.


प्रश्न : आंग्र्यांच्या आरमाराची चढून जहाज घेण्यात ख्याती होती असं मी मुलांना शिकवत आलो. आजच्या बचावाशी त्याचा काही संबंध लावता येईल का?
— निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : गुरुजी, चांगलाच लावता येतो. आपण सातारकर शाहू महाराजांच्या गादीचा इतिहास अभिमानानं सांगतो, पण १७१३ ला बाळाजी विश्वनाथानं कान्होजी आंग्र्यांना शाहूंच्या बाजूला आणलं ते किती मोलाचं होतं ह्याच्यावर घाटावर तेवढं बोललं जात नाही, आणि मला त्याची खंत वाटते. त्यांची पद्धत अशी की मोठ्या शिडाच्या जहाजाला बाजूनं भिडायचंच नाही, कारण बाजूला त्याच्या तोफांची रांग. गुराबा, म्हणजे तोफा बसवलेली शिडाची लढाऊ जहाजं, मागून आणायच्या, वारा पडला असेल तर गलबतांनी वल्ही मारत ओढून आणायच्या, मागून शिडं-डोलकाठ्यांवर मारा करायचा, जहाज पांगळं झालं की मग गलबतांतून माणसं तलवारी घेऊन चहूकडून वर. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्र्यांनी मुंबईकडं येणारं ईस्ट इंडिया कंपनीचं डर्बी जहाज घेतलं, त्यात आरमारी सामान भरलेलं होतं, म्हणजे तेही रसदीचंच म्हणा ना.

आता बचावाच्या बाजूनं बघा. मागची बाजू तेव्हाही आंधळी, आजही आंधळी. आधी पांगळं करायचं मग चढायचं हे तेव्हाही आणि आजही. म्हणून बचाव करणाऱ्यानं इंजिन आणि सुकाणू जपायचं, डर्बीवाल्यांची शिडं तीच त्यांची इंजिनं होती. मुलांना सांगताना चढणाऱ्याची बाजू सांगता तशी एकदा वरून बघणाऱ्याची बाजूपण सांगा, बघा किती प्रश्न विचारतील.


प्रश्न : समजा जहाज गेलंच शत्रूच्या हातात, तर आतल्या माणसांचं काय होतं? गुप्त कागदांचं काय? आमचे दाजी नेव्हीत आहेत पण ह्याच्यावर काही बोलत नाहीत.
— एक वाचक, मिरज

उत्तर : दाजी बोलत नाहीत ते बरोबरच करतात. कागदांचं उघड उदाहरण देतो. २३ जानेवारी १९६८ ला उत्तर कोरियानं अमेरिकेचं प्वेब्लो पकडलं, मुळात ती लष्कराची मालवाहू बोट, नंतर हेरगिरीला वापरलेली. मशीनगन दोनच, त्यावरची ताडपत्री बर्फानं गोठलेली, आणि कागद इतके की जाळून, फाडून संपेनात. एक जण मेला, ८२ जण ११ महिने कैदेत राहिले, आणि मशिनं, कागद शत्रूला मिळाले. त्यातून सगळ्यांनी घेतलं ते हे की कुठली वस्तू आधी नष्ट करायची त्याचा क्रम आणि साधन दोन्ही शांततेच्या काळातच ठरवायचं, लागेल तेवढंच गुप्त सामान बरोबर न्यायचं, आणि ताडपत्री काढून बघायची. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल पण मी तर म्हणेन पाहुणे बघायला आले की चकचकीत दिसणाऱ्या बंदुकीपेक्षा रोज उघडून बघितलेली बंदूक हवी.

माणसांचं म्हणाल तर १९४९ च्या जिनिव्हा करारांनी नियम घातलेत. पकडलेले नौसैनिक युद्धकैदी ठरतात, त्यात शेफपण आला, आणि जहाजावरचे सिव्हिलियन, अगदी व्यापारी जहाजाचे खलाशीसुद्धा त्यात येतात. सांगावं लागतं ते नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर, बस्स. पाण्यात पडलेल्या, जखमी झालेल्या माणसाला वाचवणं दोन्ही बाजूंवर बंधनकारक आहे. प्वेब्लोवाल्यांना कैदेत मारहाण झाली, म्हणजे नियम दरवेळी पाळले जातातच असं नाही, पण घरच्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं की रेडक्रॉसमार्फत चौकशी करायचा आणि पत्र पाठवायचा कायदेशीर रस्ता असतो.


प्रश्न : मला नेव्हीत जायचंय. पण लॉजिस्टिक्समध्ये, शेफ म्हणून घेतलं तर गावात लोक हसतात, भांडी घासायला चाललाय म्हणतात. अपशिंग्याकडचे माझे मित्र सगळे आर्मीचं बघतात. काय करू?
— दहावी झालेला मुलगा, कराड तालुका

उत्तर : बाळा, वर ताईंना दिलेलं उत्तर तुझ्या गावातल्या हसणाऱ्यांना वाचून दाखव. २०१९ च्या महापुरात सांगलीत नेव्हीची पथकं बोटी घेऊन आली होती, छतावरची माणसं उतरवत होती, तेव्हा कोणी विचारलं का की ह्यातला शेफ कोण आणि डायव्हर कोण?

दहावीवर भरती होते ती एमआर (मॅट्रिक रिक्रूट, आता अग्निवीर एमआर म्हणतात), त्यात शेफ, स्टुअर्ड ही कामं येतात. सुरुवातीचं ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला, पुढं लॉजिस्टिक्सचं मुंबईत मालाडला आयएनएस हमलावर. जहाजातली आग आणि पाणी शिरणं आवरायला शिकवणारी शाळा लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत आहे, आपल्यापासून फार लांब नाही. जहाजावर गेलास की पहिल्या आठवड्यातच अंधारात बाहेरचा रस्ता शोधायला, होज धरायला शिकून घे, कोणी सांगायची वाट बघू नको. आणि आत्ता, आज, दोन गोष्टी. पोहायला शीक, कृष्णेत एकट्यानं नाही, कराडमध्ये एखाद्या तलावावर कोच असेल तिथं, कारण पोहण्याची टेस्ट चुकणार नाही. आणि रोज पळ, जिने चढ, कारण जहाजावर सगळं काम उभ्या शिड्यांवरून असतं, हातात पातेलं असो की दारूगोळ्याची पेटी.