भाड्याने दिलेलं घर बँकेने नेलं तर नेलं, असं कसं चालेल?

"मॅडम, मी त्या घरात राहतच नाही. हप्ते नाही भरले तर बँक घर घेऊन जाईल, जाऊ दे, विषय संपला ना?"

हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता समोरच्याने "मी त्या घरात राहत नाही" म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. मी कर्जात अडकलेल्यांचं समुपदेशन ऑनलाइन करते, कॉल वेगवेगळ्या देशांतून येतात, तिथले कायदे वेगळे, बँकांच्या पद्धती वेगळ्या, पण गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घराचं लोन डोईजड झालं की हे वाक्य सगळीकडून सारखंच येतं. आज एका जोडप्याची केस सांगते, त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

त्यांची दोन घरं, दोन्हीवर लोन. एकात स्वतः राहायचे, दुसरं भाड्याने दिलेलं. हिशोब असा होता की भाड्यातून बराचसा हप्ता निघेल आणि वरचे थोडे पगारातून टाकू. मग भाडेकरू सोडून गेला, चार महिने घर रिकामं, तेवढ्यात व्याजदर वाढला, नवीन भाडेकरू मिळाला तो कमी भाड्यात. नवऱ्याने मला फोन केला तेव्हा त्या घराचे दोन हप्ते थकलेले होते. गंमत म्हणजे (गंमत कसली) भाडं दर महिन्याला वेळेवर येत होतं, पण ते राहत्या घराच्या हप्त्यात आणि क्रेडिट कार्डात जिरत होतं. यात त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही, डोक्यावरचं छप्पर आधी वाचवायचं हे कोणीही करेल. चुकलं ते पुढे.

मी विचारलं, बँकेने काय कळवलंय? तर म्हणाले, पत्रं आलीत, ड्रॉवरमध्ये आहेत, उघडली नाहीत. म्हटलं आत्ता उघडा, मी थांबते. पहिलं पत्र साधी आठवण. दुसऱ्यात दंडाची रक्कम. तिसऱ्यात चक्क लिहिलेलं की अडचण असेल तर या नंबरवर बोला, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा विचार करू. त्यावरची तारीख एक महिन्यापूर्वीची. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला हे नवीन नाही, बंद पाकिटात लोकांना नेहमी सगळ्यात वाईट तेच दिसतं आणि मदतीचं पत्रही त्याच भीतीपायी पडून राहतं.

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे. घर गेलं की विषय संपत नाही, कारण कर्ज घराने घेतलेलं नसतं, तुम्ही घेतलेलं असतं, घर फक्त तारण. लिलावात किंमत बहुतेक वेळा बाजारापेक्षा कमीच येते, त्यातून आधी थकलेलं व्याज, दंड, वकिलाचा आणि लिलावाचा खर्च वजा होतो आणि तरी कर्ज उरलं तर ते उरलेलं बऱ्याच देशांत बँक तुमच्याकडून मागू शकते. भारतात मागू शकते. अमेरिकेत राज्याराज्यावर आहे, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी कोर्टाबाहेरच्या लिलावानंतर ती बँक उरलेल्या रकमेसाठी मागे लागू शकत नाही, बाकी अनेक ठिकाणी लागू शकते. आणि उरलेलं माफ झालं तरी हुश्श म्हणायची घाई नको, अमेरिकेत माफ झालेलं कर्ज तुमचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्स लागू शकतो. घर गेलं, पैसे हातात आले नाहीत आणि वर टॅक्सचं पत्र, हे ऐकून माणूस अक्षरशः खाली बसतो.

दुसरी गैरसमजूत अशी की गुंतवणुकीचं घर म्हणजे बँक जरा सबुरीने घेईल. उलट आहे हो. सवलती आणि सहानुभूती राहत्या घराला जास्त मिळते. अमेरिकेत हप्ते १२० दिवसांहून जास्त थकल्याशिवाय जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही असा केंद्रीय नियम आहे, पण तो स्वतः राहता त्या मुख्य घरापुरता, भाड्याने दिलेल्याला तो आधार नाही. भारतात बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा २००२ चा सरफेसी कायदा आहे, तो राहतं घर आणि भाड्याचं घर असा फरकच करत नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, मग ६० दिवसांची नोटीस आणि त्यात थकलेले दोन-चार हप्ते नाही तर पूर्ण कर्ज मागितलेलं असतं, नंतर ताबा, मग लिलावाची ३० दिवसांची नोटीस. ही लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी भरून घर सोडवता येतं, नंतर ते फार अवघड होऊन बसतं.

मग त्यांनी विचारलं, माझ्या राहत्या घराला हात लागेल का. याचं उत्तर फोनवर देता येत नाही, कागद बघावे लागतात. दोन्ही लोन एकाच बँकेचं असेल तर एका घराचं तारण दुसऱ्या लोनलाही लागू आहे असं कलम कधी कधी असतं आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. यांच्या कागदांत ते नव्हतं, सुटलो. पण दुसरं सापडलं. पगाराचं खातं त्याच बँकेत होतं आणि करारात असं होतं की थकलं तर बँक त्यांच्या खात्यातून परस्पर वळतं करून घेऊ शकते. म्हणजे घर जायच्या कितीतरी आधी एखाद्या महिन्यात पगारच गायब. हे आधी कळलं म्हणून राहत्या घराचा हप्ता आणि घरखर्च यांचे पैसे कुठे ठेवायचे ते ठरवता आलं.

आणि सगळ्यात अवघड भाग. लोन बसावं म्हणून बायकोला सहकर्जदार केलेलं, आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी स्पष्ट सांगितलं, हप्ता चुकला की तिच्याही क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो आणि बँक पूर्ण रक्कम तिच्याकडेही मागू शकते, अर्धी वगैरे नाही, त्यामुळे पुढचा कॉल दोघांनी मिळून करा, नाहीतर माझा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाया.

पुढच्या वेळी ती होती. मला वाटलं रडारड होईल. ती शांतपणे म्हणाली, "हप्ते थकले त्याचा राग नाही मला. माझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आलेला, मी याला दाखवला, तर हा म्हणाला स्पॅम आहे, डिलीट कर. त्याचा राग आहे." ते काही बोलले नाहीत. मीही नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं हे मी चुका करूनच शिकलेय.

भाडेकरूचा विचार तर कोणीच करत नाही. यांच्या भाडेकरूने दारावर चिकटवलेला बँकेचा कागद पाहिला आणि घाबरून फोन केला, मी भाडं कोणाला देऊ, घर सोडू का. इंग्लंडमध्ये बँक घर ताब्यात न घेता रिसीव्हर, म्हणजे घर सांभाळून भाडं गोळा करणारा माणूस, नेमू शकते, मग भाडं थेट त्याच्याकडे जायला लागतं, म्हणजे जे भाडं तुम्ही इकडून तिकडे फिरवत होतात तेही बंद. अमेरिकेत लिलावानंतर खऱ्या भाडेकरूला निदान ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते, २००९ चा कायदा आहे, २०१८ पासून कायमचा झाला. यांना मी एवढंच म्हटलं की त्याला फोन करून खरं काय ते सांगा, तो घाबरून निघून गेला तर आहे ते भाडंही जाईल.

मग आकडे मांडले. दोघांचा पगार, दोन्ही हप्ते, भाडं, कार्ड. कितीही ओढलं तरी दुसरं घर बसत नव्हतं, मुदत वाढवून सुद्धा दोन वर्षांत पुन्हा तिथेच आलो असतो. त्यांचं म्हणणं होतं घराचा भाव वाढेल, थांबू. मी सहसा कोणाला विका म्हणत नाही, यांना म्हटलं. घर तुमच्या हातात असताना विकलं तर गिऱ्हाईक तुम्ही शोधता, किंमत तुम्ही बोलता, बँकेच्या लिलावात यातलं काहीच तुमच्याकडे उरत नाही. बँकेला दोघांनी मिळून लेखी कळवलं की विकायला काढतोय, तोपर्यंत जमेल तेवढं भरतो. बँकेने सहा महिने दिले, तोंडी नाही, ईमेलवर घेतलं.

विकलं पाचव्या महिन्यात, मनातल्या भावापेक्षा कमी. कर्ज फिटलं, हातात फारसं उरलं नाही. क्रेडिट रिपोर्टवर उशिरा भरलेले हप्ते दिसतायत आणि अजून काही वर्षं दिसतील. शेवटी एक गोष्ट राहिली होती जी माझ्याही लक्षात आली नव्हती, बायकोनेच काढली. भाडेकरूचं डिपॉझिट. ते केव्हाच खर्च झालेलं. उरलेल्यातून आधी ते बाजूला काढलं आणि खरेदीच्या दिवशी नवीन मालकाकडे भाडेकरूच्या समोर दिलं, पावती तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.