चार वर्षं ‘कन्सल्टंट’, आता म्हणतात कायम व्हा

प्रश्न : मी नाशिकला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून चार वर्षं काम करते आहे. रोज सकाळी साडेनऊला स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) हजर असते, लॅपटॉप कंपनीचा आहे, सुट्टी मॅनेजरकडून मंजूर करून घेते आणि दुसऱ्या कोणाचं काम करायला मनाई आहे. सुरुवातीला दोन पानी करार झाला होता. दरमहा दीड लाखाचं बिल देते, त्यातून १० टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) जातो. आमचे सीए आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या सोयीनुसार, निम्मं उत्पन्न दाखवतात, त्यामुळे कर शून्य येतो आणि टीडीएस परत मिळतो. आता एचआरचं म्हणणं आहे की नव्या आयकर कायद्यामुळे कन्सल्टंट ठेवता येत नाहीत, तेव्हा १ जुलैपासून १८ लाख सीटीसीवर (पीएफ, ग्रॅच्युइटी धरून वर्षाच्या एकूण रकमेवर) कायम व्हा. हातात मात्र १ लाख १८ हजारच येतात. सोबत एका घोषणापत्रावर सही मागितली आहे : ‘मागील काळाबाबत माझा कोणताही दावा नाही व आजवर केलेलं सर्व काम कंपनीच्या मालकीचं आहे.’ एप्रिल-मेची बिलं अजून थकलेली आहेत. काय करू?

उत्तर : नोकरी घ्यायला माझी हरकत नाही. घोषणापत्रावर मात्र आज सही करू नका.

आधी एचआरने दिलेलं कारण पाहू. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे, पण त्यात कन्सल्टंट नेमायला बंदी कुठेही नाही. कलमांचे क्रमांक बदलले, ‘करवर्ष’ हा शब्द आला. तुमचं ४४एडीए आता कलम ५८ मध्ये गेलं आहे आणि निम्म्या उत्पन्नाची सोय तशीच आहे. कंपनीची खरी धास्ती बहुधा वेगळी असावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यामुळे नेमणूकपत्र, वेतनाची व्याख्या, पीएफ, ग्रॅच्युइटी या सगळ्याकडे कंपन्यांचे ऑडिटर नव्याने पाहू लागले आहेत. वर्षानुवर्षं ‘कन्सल्टंट’ म्हणून बसवलेली माणसं उद्या ‘आम्ही नोकरच होतो’ म्हणाली तर मागचा पीएफ दंडासकट भरावा लागू शकतो. घोषणापत्राचा उगम मला इथे दिसतो.

आता हातात येणाऱ्या रकमेचा हिशेब. मूळ वेतन ७५ हजार धरलं तर दीड लाखातून जाणारे ३२ हजार असे फुटतात : ९ हजार तुमचा पीएफ, ९ हजार कंपनीचा पीएफ, साधारण ३,६०० ग्रॅच्युइटीची तरतूद आणि नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून महिन्याला सुमारे १० हजार कर. उरलेले दोनेकशे रुपये व्यवसाय कराचे. म्हणजे पीएफचे १८ हजार तुमच्याच नावावर साठतात. खऱ्या अर्थाने हातचे जातात ते कराचे १० हजार. ग्रॅच्युइटीचे ३,६०० मात्र मी हिशेबात धरत नाही, कारण कायम नोकरीत त्यासाठी पाच वर्षं भरावी लागतात. नेमणूकपत्रात ‘निश्चित मुदत’ असे शब्द असतील तर नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरही ती मिळते. म्हणून तो शब्द आधी शोधा. कापल्या जाणाऱ्या पैशांच्या बदल्यात भरपगारी रजा येते, २६ आठवड्यांची प्रसूती रजा येते. आणि पुढेमागे गृहकर्ज काढायचं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या : आयकर खात्याला दाखवलेला ९ लाखांचा आकडाच बँकेच्या मॅनेजरलाही दिसतो. शून्य कराचा आनंद तिथे ओसरतो.

पण तुमच्या पत्रातली मला खटकलेली ओळ वेगळीच आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की रोज सकाळी साडेनऊला स्टँडअपला हजर असता, लॅपटॉप कंपनीचा आहे, सुट्टी मॅनेजरकडून मंजूर करून घेता आणि दुसऱ्या कोणाचं काम करायला मनाई आहे. हे व्यावसायिकाचं वर्णन झालं का? करारावर ‘कन्सल्टंट’ छापलं म्हणून न्यायालय तिथे थांबत नाही. १९५०च्या दशकात धांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरांवर अगरिया (मीठ पिकवणारे मजूर) हंगामी ठेक्याने मीठ पिकवत, मदतीला स्वतःची माणसं लावत. तरीही काम कसं करायचं यावर कंपनीचं नियंत्रण होतं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं. उलट बाजूही आहे. २०१५ मध्ये पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ठराविक रक्कम घेणाऱ्या डॉक्टरांची मिळकत पगार नाही, व्यावसायिक फी आहे असं म्हटलं. त्या डॉक्टरांना पीएफ नव्हता, रजेचे नियम नव्हते आणि रुग्णालयाच्या वेळेबाहेर स्वतःची प्रॅक्टिस करायला ते मोकळे होते. तुम्ही मोकळ्या नव्हता.

इथेच तुमची अडचण दुधारी आहे. ‘मी चार वर्षं नोकरच होते’ असं म्हणून तुम्ही मागचा पीएफ मागू शकता, आणि ती मागणी अगदीच पोकळ ठरणार नाही. पण त्याच क्षणी मागच्या चार रिटर्नमधली ‘व्यावसायिक उत्पन्न’ ही नोंद तुमच्याच तोंडून खोटी ठरते. उत्पन्न पगार ठरलं की निम्म्याची सोय गेली, मागचा कर व्याजासह अंगावर आला. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही. म्हणून मागच्या नोकरीचा दावा करण्याच्या फंदात पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दावा न करणं वेगळं आणि तो नाही असं फुकटात लिहून देणं वेगळं. कंपनीला तुमची सही हवी आहे ना, मग तिची किंमत आहे. बदल्यात जॉइनिंग बोनस मागा, प्रोबेशन माफ करून घ्या. रजेसाठी आणि बढतीसाठी मागची चार वर्षं धरावीत असं एक वाक्य नेमणूकपत्रात घालून घ्या. त्यात ‘अनुभव’ हा शब्द ठेवा, ‘सेवा’ नको, नाहीतर तुम्ही तेव्हाही नोकरच होता असा अर्थ निघेल.

घोषणापत्राचा दुसरा अर्धा भाग मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकराने नोकरीत लिहिलेल्या कोडची पहिली मालकी मालकाची. स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या कोडची पहिली मालकी त्याचीच. ती कंपनीकडे जायची तर लेखी हस्तांतर लागतं, आणि त्यात मुदत नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. चार वर्षांपूर्वीचा तो दोन पानी करार काढून बघा. त्यात हस्तांतराचं कलम नसेल तर कंपनी आज तुमच्याकडून जे मागते आहे ते तिच्याकडे आजवर नव्हतंच. हा मुद्दा धमकी म्हणून वापरू नका, त्याच माणसांबरोबर पुढे काम करायचं आहे. ‘हस्तांतराचा वेगळा करार करू आणि त्याचा मोबदला ठरवू’ एवढं पुरे.

थकलेल्या बिलांचं म्हणाल तर ही बिलं होण्याआधीपासून तुमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून सरकारकडे नोंद) असेल तर बाजू भक्कम आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय असे पैसे वेळेत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. हे त्यांच्या अकाउंट्सला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, एक मेल पुरेल. नोंदणी नसेल तर आता केल्याने जुन्या बिलांना उपयोग होईल याचा भरवसा नाही, पण करारावरून वसुलीसाठी तीन वर्षांची मुदत आहे.

नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जाणार नाही, असं कलम बहुतेक नेमणूकपत्रांत असतं. त्याने झोप उडवू नका. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. बाँडचं मात्र तसं नाही. ठराविक वर्षांआधी सोडल्यास २ लाख भरायचे, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात वैध धरली आहे. तेव्हा बाँड असेल तर रक्कम वाचूनच सही करा.

या वर्षी तीन महिने फी आणि नऊ महिने पगार असं एकाच कंपनीकडून दिसेल. सीएंना हे आत्ताच सांगा. ३० जूनला कन्सल्टंटचा करार लेखी संपवा आणि १ जुलैचं नेमणूकपत्र वेगळं घ्या. जुन्या करारात खाडाखोड करून ‘कायम’ लिहिलेला कागद कंपनी पुढे करील, तो घेऊ नका. आणि एप्रिल-मेची रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत ते घोषणापत्र ‘वकिलांना दाखवते आहे’ म्हणून बाजूला ठेवा.